पस्तीस विहिरी चहा

मुळशी तालुका म्हटला की डोळ्यांपुढे ताम्हिणीचा पाऊस येतो, आंबेमोहराची खाचरे येतात, सेनापती बापटांचा सत्याग्रह येतो. पण याच तालुक्याच्या पूर्वेच्या कडेला हिंजवडी आहे, माण आहे, मारुंजी आहे. एकेकाळच्या उसाच्या शेतांवर आता आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत रोज कामाला येणारी माणसे लाखांत मोजावी लागतात. कुणी तीन लाख म्हणतात, कुणी चार. आपण कंजूषपणा करू, तीनच लाख धरू. काळजी नको, आकडे तरीही अंगावर येणार आहेत.

२४ मार्च २०२०, रात्री आठ. पंतप्रधान दूरचित्रवाणीवर आले आणि कोरोनामुळे मध्यरात्रीपासून देश बंद झाला. आधी २१ दिवस. मग १९. मग १४. मग आणखी १४. बेरीज करा: ६८ दिवस. इतके दिवस हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात हॉर्न न वाजणे ही घटना, तिथली सकाळ ज्याने पाहिली आहे त्याला, चमत्काराच्या जवळपासची वाटेल.

आता कागद-पेन्सिल घ्या, आपण दोघे मिळून गुणाकार करू.

तीन लाख माणसे. घर ते कचेरी सरासरी १० किलोमीटर धरू. कोथरूडहून येणाऱ्याला ते कमी पडेल, वाकडच्या माणसाला जास्त, चालून जाईल. जाऊन-येऊन २० किलोमीटर. तीन लाख गुणिले वीस म्हणजे ६० लाख किलोमीटर. रोजचे! मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरले, तर एका दिवसात चाळीस हजार वेळा मुंबई-पुणे. हे पुरत नसेल तर मान वर करा. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. हिंजवडीची माणसे रोज मिळून चंद्रावर सात वेळा जाऊन परत येत होती. तेवढ्यावर न थांबता आठव्यांदा चंद्र गाठून, परतीची निम्म्याहून जास्त वाटही उतरत होती. एकाच दिवसात, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

वर्षात कामाचे अडीचशे दिवस धरा. १५० कोटी किलोमीटर झाले! सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर. म्हणजे सूर्यावर पाच वेळा जायचे आणि पाच वेळा परत यायचे. नासाला जमले नाही ते मुळशी तालुका डबा घेऊन करत होता.

वेळ तर मोजलाच नाही अजून. जाण्यायेण्यात माणशी दीड तास (हसू नका, मी उदार होऊन कमी धरतो आहे). तीन लाख गुणिले दीड, साडेचार लाख तास. त्याचे दिवस केले तर १८,७५०. वर्षे केली तर ५१. कामाच्या प्रत्येक दिवशी एका माणसाच्या आयुष्यातली ५१ वर्षे वाकडचा पूल ते हिंजवडीचा फेज थ्री या पट्ट्यात खर्च होत होती. वर्षभराची बेरीज १२,८०० वर्षांच्या पुढे जाते. इतके मागे गेलो तर माणसाने शेतीसुद्धा सुरू केलेली नव्हती. नांगर, गाडी, कचेरी सगळे पुढे व्हायचे होते.

आणि मार्चच्या त्या आठवड्यात हे सगळे शून्यावर आले.

मोठ्या कंपन्यांनी हे ज्या वेगाने पचवले तो वेगही दम लागण्यासारखाच. टीसीएसकडे तेव्हा जगभर साडेचार लाखांच्या आसपास माणसे होती, इन्फोसिसकडे सुमारे अडीच लाख. बहुतेक सगळी काही आठवड्यांच्या आत घरून कामाला लागली. हिंजवडीपुरते पाहू. तीन लाखांतल्या फक्त एक लाख जणांचा संगणक टेबलावरचा होता, आठ किलोचा होता आणि तो घरी पोचवावा लागला, असे समजा. ८०० टन माल! दहा टनी ट्रक ऐंशी. आदल्या महिन्यापर्यंत दारावरचा रखवालदार पेनड्राइव्हसुद्धा बाहेर नेऊ देत नव्हता.

इथपर्यंतचा हिशेब आनंदाचा होता. पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे, आणि ती टपरीवर उकळते.

माणशी दिवसाला दोन कटिंग. कटिंग ८० मिलिलिटरचा, किंमत दहा रुपये. तीन लाख माणसे, सहा लाख कप. लिटरमध्ये ४८ हजार, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर चहा. रोज! आता आपल्याकडची साधी विहीर घ्या: सहा मीटर व्यास, बारा मीटर खोल. जुन्या भाषेत साधारण वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल. काठोकाठ भरली तर तिच्यात ३ लाख ३९ हजार लिटर मावतात. हिंजवडी अशी एक विहीर कामाच्या सात दिवसांत पिऊन कोरडी करते. वर्षाला पस्तीस विहिरी. आल्याचा चहा, वेलचीचा चहा, नुसताच गोड चहा, पण पस्तीस विहिरी!

पैसे मोजू. दिवसाला ६० लाख रुपये, वर्षाला १५० कोटी, आणि तेही दहा-दहाच्या नोटांत. चॉकलेटी रंगाची नवी दहाची नोट १२३ मिलिमीटर लांब असते. अशा १५ कोटी नोटा टोकाला टोक लावून ठेवल्या तर १८,४५० किलोमीटर जातील. मुंबई-पुणे दीडशेने भागा, उत्तर १२३. नोट १२३ मिलिमीटर आणि फेऱ्याही १२३! ही जादू गुणाकाराची आहे, पण मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी दोनदा ताळा करून पाहिला.

टाळेबंदीच्या ६८ दिवसांत शनिवार-रविवार वगळले तर कामाचे दिवस ४८ उरतात. तेवढ्यात जवळपास सात विहिरी चहा उकळलाच नाही. २८ कोटी ८० लाख रुपये कुणाच्या गल्ल्यात पडलेच नाहीत. कंपनीचे काम घरी नेता येते. टपरी घरी नेऊन काय करणार? मेसवाल्या मावशी चाळीस डब्यांच्या पोळ्या लाटत होत्या त्या आता कुणासाठी लाटणार? पीजीचे मालक, कॅबचे हप्ते भरणारे चालक, कंपनीच्या बसवर असलेले क्लीनर, झेरॉक्सचे गाळे, इस्त्रीवाले... जे ६० लाख किलोमीटर वाचले म्हणून आपण वर टाळ्या वाजवल्या, त्याच किलोमीटरांवर यांची चूल पेटत होती. आकडा एकच आहे, कुणाच्या वहीत जमेला जातो आणि कुणाच्या वहीत खर्चाला, एवढाच प्रश्न.

देशाच्या वहीत तर सरळ भगदाड पडले. एप्रिल २०१९ मध्ये जीएसटी गोळा झाला होता १ लाख १३ हजार कोटींच्या वर. एप्रिल २०२० मध्ये ३२ हजार कोटींच्या आसपास. शंभर रुपये यायचे तिथे अठ्ठावीस आले. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज आला. एवढी मोठी घसरण तिमाही हिशेब सुरू झाल्यापासून कुणी पाहिली नव्हती.

आणि हे सगळे कशाने केले? इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातले गणिती किट येट्स यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये एक अफलातून हिशेब मांडला. त्या घडीला जगभरच्या सगळ्या कोरोना रुग्णांच्या शरीरात मिळून किती विषाणू असतील? दोनवर सतरा शून्ये, म्हणजे दोन हजार कोटी गुणिले एक कोटी. आणि हे सगळे एका भांड्यात भरले तर? १६० मिलिलिटर. दोन कटिंग! हिंजवडीतला एक माणूस दिवसात जेवढा चहा पितो तेवढ्या ऐवजाने जगातली शटरे खाली ओढली. विषाणूचा व्यास किती धरायचा, शरीरात त्यांची संख्या कशी मोजायची, ते येट्स यांच्यावर सोडू. आपण दोन कपांकडे बघत बसू.

या काळात मुळशीत एक धंदा मात्र मिनिटभरही बंद राहू शकत नव्हता. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याला पडते आणि टाटांचे जलविद्युत केंद्र मुंबईला वीज देते. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे घालवायचे आवाहन झाले, आणि देशाची विजेची मागणी बघता बघता ३१ हजार मेगावॉटने कोसळली. भिऱ्याची क्षमता ३०० मेगावॉट. म्हणजे अशी शंभराहून जास्त भिरा केंद्रे काही मिनिटांत गप्प करायची आणि काही मिनिटांत पुन्हा बोलती करायची! देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी यातला निम्म्याहून अधिक भार उचलला. तारांचे जाळे कोसळले नाही. घराघरांत पणत्या लावून आपण गॅलरीत उभे होतो, आणि नियंत्रण कक्षातल्या माणसांचे डोळे मीटरवर खिळले होते.

तिकडे पौड रस्त्याला, भूगाव ओलांडून पिरंगुटकडे गेलो की वेगळीच गोष्ट. उरवडे, घोटावडे, कासार आंबोली, भरे. इथे कारखाने आहेत, आणि यंत्र कुणाला घरी नेता येत नाही. अटी घालून उद्योग उघडायला सुरुवात झाली तोवर कामगार गावाकडे निघाले होते. १ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या धावल्या: देशभर ४,६२१ गाड्या, ६३ लाख १९ हजार प्रवासी. गाडी अर्धा किलोमीटर लांब धरा. सगळ्या एकामागे एक जोडल्या तर २,३०० किलोमीटरची गाडी होते! मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. शेजारी शेजारी बारा रूळ टाका आणि बाराही रूळ मुंबईपासून पुण्यापर्यंत डब्यांनी भरून काढा, एक वावही मोकळी न ठेवता. किंवा दर दहा मिनिटांनी एक गाडी सोडा, रात्रंदिवस. शेवटची गाडी सुटायला ३२ दिवस लागतील. गाडी न मिळालेले, पायी निघालेले या हिशेबात नाहीतच.

मग पैसे आले. मे महिन्यात केंद्राने २० लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले. वीस लाख कोटी हा आकडा कानावरून नुसता घसरून जातो, म्हणून त्याला जमिनीवर अंथरू. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब. वीस लाख कोटींच्या पाचशेच्या नोटा ४,००० कोटी. टोकाला टोक लावा. किती झाले? ६० लाख किलोमीटर! ओळखीचा वाटतो का आकडा? हिंजवडीची एका दिवसाची ये-जा. सरकारने देशासाठी जाहीर केलेली सगळी रक्कम नोटा करून अंथरली, तर तीन लाख माणसे एका दिवसात जेवढा रस्ता तुडवतात तेवढा, न कमी न जास्त.

त्यातले तीन लाख कोटी छोट्या उद्योगांसाठी, तारण न मागता, सरकारच्या हमीवर मिळणारे कर्ज. त्या नोटांची ओळ ९ लाख किलोमीटर: चंद्रावर जाऊन परत, आणि उरलेल्यात पृथ्वीला तीन वेढे. आणि १ जूनला फेरीवाल्यांसाठी जी योजना निघाली तिच्यात माणशी दहा हजारांचे कर्ज. पाचशेच्या वीस नोटा. लांबी तीन मीटर. टपरीच्या फळीवर मावते. गंमत अशी की टपरी पुन्हा उभी करायला तेवढ्यानेही सुरुवात होते: स्टोव्ह, सिलिंडर, पातेली, पहिल्या आठवड्याचे दूध आणि साखर.

दरम्यान हिंजवडीतल्या एका रिकाम्या आवाराचे वेगळेच झाले. ५ मे २०२० रोजी विप्रोने राज्य सरकारशी करार केला आणि ११ जूनला त्या कचेरीत ४५० खाटांचे कोविड रुग्णालय उघडले. ३७ दिवस. दिवसाला बारा खाटा, म्हणजे दर दोन तासांना एक. पुण्याच्या आसपास एका गाळ्याला वीजजोड मिळायला किती दिवस लागतात हे विचारू नका.

उघडणे मात्र दार उघडण्यासारखे नव्हते. ८ जून २०२० पासून महाराष्ट्रात खाजगी कचेऱ्यांना दहा टक्के माणसे बोलवायची मुभा मिळाली. १ सप्टेंबरपासून तीस टक्के. मध्येच जुलैत पुणे-पिंपरी परिसर पुन्हा दहा दिवस बंद. उपाहारगृहांत बसून खायला ५ ऑक्टोबर उजाडला, तेही निम्म्या टेबलांवर. २५ मार्चपासून मोजले तर १९४ दिवस. आणि निम्मी टेबले म्हणजे निम्मा नफा, असे कुणाला वाटत असेल तर त्याने कधी हॉटेल चालवलेले नाही. भाडे पूर्ण, वीज जवळपास पूर्ण, आचारी पूर्ण. अर्धे फक्त गिऱ्हाईक.

दोन-दोन मीटर अंतर ठेवून तीन लाख माणसे रांगेत उभी केली असती तर रांग ६०० किलोमीटरची झाली असती: मुंबई-पुणे, परत मुंबई, परत पुणे, आणि पुन्हा मुंबई. फक्त दहा टक्क्यांची रांगही ६० किलोमीटर, हिंजवडीहून निघून लोणावळा मागे टाकून घाट उतरू लागलेली. दारावर कपाळाला ते तापमानाचे पिस्तूल लावायचे, माणशी पाच सेकंद. एकच दार आणि एकच पिस्तूल असते तर तीन लाखांना १५ लाख सेकंद. सतरा दिवस! सोमवारी सकाळी नऊला रांगेत लागलेल्या शेवटच्या माणसाचा नंबर तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी लागला असता. हातावर सॅनिटायझर, एका वेळी तीन मिलिलिटर, दिवसातून चार वेळा: रोज ३,६०० लिटर. वर्षाला अडीच विहिरींहून जास्त. पाणी पिण्यासाठी विहिरी खणणाऱ्या पूर्वजांना हे ऐकवले असते तर त्यांनी आपल्याला वेड्यात काढले असते.

दुसरी लाट आली, एप्रिल २०२१ मध्ये राज्य पुन्हा बंद झाले. ७ जूनपासून पाच स्तरांत पुन्हा उघडू लागले. त्याच दिवशी दुपारी उरवड्यातल्या, निर्जंतुकीकरणाची रसायने बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यात बहुतेक बायका होत्या, आसपासच्या गावांतून कामाला येणाऱ्या. या आकड्याला मी कशानेही गुणणार नाही.

शेवटी शटर पूर्ण वर गेले ते सुईने. लशीचा एक डोस अर्धा मिलिलिटर. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने १०० कोटी डोस ओलांडले, १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी. दोनशे कोटी! एका माणसाने सेकंदाला एक या वेगाने टोचायचे ठरवले असते तर त्याला ६३ वर्षे लागली असती, जेवायची सुट्टी न घेता. पण हे सगळे द्रव्य एकत्र ओता. दोनशे कोटी गुणिले अर्धा मिलिलिटर म्हणजे दहा लाख लिटर. आपल्या त्याच विहिरीच्या मापाने किती? तीन! जेमतेम तीन विहिरी, आणि त्यातला मोठा भाग पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावातल्या लशीच्या कारखान्यात भरलेला. हिंजवडी वर्षाला पस्तीस विहिरी चहा पिते. सगळा भारत तीन विहिरींत पुन्हा चालू झाला.

अजून खाली उतरू. खुद्द हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने देशातली पहिली एमआरएनए लस बनवली, जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. एका डोसमध्ये एमआरएनए असते दहा मायक्रोग्रॅम. ते पेशीला काय सांगते, कसे सांगते, ते शास्त्रज्ञांना ठाऊक. आपण फक्त गुणू. दोनशे कोटी डोस याच लशीचे दिले असते तर देशभरासाठी एमआरएनए लागले असते २० किलो. आंबेमोहराची छोटी पिशवी! खांद्यावर टाकून पौडच्या एसटीत बसता आले असते, आणि कंडक्टरने सामानाचे तिकीटही मागितले नसते.

यानंतर आकडे उलटे धावू लागले. एप्रिल २०२२ मध्ये जीएसटी १ लाख ६७ हजार कोटींवर, दोन वर्षांपूर्वीच्या पाचपट. शिवाजीनगर ते हिंजवडी सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे खांब रस्त्यात उभे राहिले, आणि त्यांच्या कडेने गाड्या पुन्हा एकमेकींना चिकटल्या. टपऱ्यांचे स्टोव्ह पेटले. चंद्राच्या फेऱ्या सुरू झाल्या.

पण सगळ्या नाही. अनेक कंपन्यांनी आठवड्यातले दोन दिवस घरी, तीन दिवस कचेरीत असा मध्यम मार्ग काढला. सगळ्यांनीच तो काढला असे धरून शेवटचा गुणाकार करा. पाचातले तीन दिवस: ६० लाख किलोमीटरांचे सरासरी ३६ लाख. रोजच्या ५१ वर्षांची ३१. पस्तीस विहिरींच्या एकवीस. म्हणजे टपरीवाल्यांचा धंदा पुन्हा उघडूनही चौदा विहिरी कमीच, वर्षाला ६० कोटी रुपये. तो चहा कुणी प्यायचे सोडले आहे असे नाही. तो आता मंगळवारी आणि शुक्रवारी वाकडच्या, रावेतच्या, साताऱ्याच्या आणि लातूरच्या स्वयंपाकघरांत उकळतो, मीटिंग म्यूटवर टाकून, आणि त्याचे दहा रुपये कुणी कुणाला देत नाही.